समुद्राचा वर्ग आणि नाकावरचा रुमाल

आपल्या शाळेच्या वार्षिक नियोजनपत्रकात ‘सहल’ हा शब्द नेहमी शेवटच्या रकान्यात येतो. अध्यापनाचे दिवस, चाचण्या, क्रीडास्पर्धा, जयंती आणि स्मृतिदिन हे सारे मांडून झाले की उरलेल्या जागेत सहल बसवली जाते. त्यामुळे पालकांनाच काय, शिक्षकांनाही ती अभ्यासाबाहेरची गोष्ट वाटते आणि पैसा किंवा वेळ कमी पडला की पहिली कात्री तिलाच लागते. गेल्या जानेवारीत इयत्ता आठवी आणि नववीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही चार शिक्षक तीन दिवसांसाठी मालवणला गेलो होतो. बोटीतून समुद्र पाहणे, तेथील जीवसृष्टीची ओळख करून घेणे आणि मच्छीमार वस्तीशी बोलणे एवढाच कार्यक्रम होता. परतल्यानंतरच्या पालकसभेत ही सहल दरवर्षी न्यावी की नाही, यावर बरीच चर्चा झाली. तीन आक्षेप पुढे आले. समुद्र धोक्याचा आहे. खर्च आपल्या पालकांना झेपणारा नाही. आणि बौद्ध संस्थेने मुलांना मासे मारण्याचा व्यवसाय दाखवायला न्यावे, हे धम्माला धरून आहे काय?

हे तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. माझे मत आरंभीच स्पष्ट सांगते. ही सहल दरवर्षी व्हावी, ती अभ्यासक्रमाचा भाग म्हणून व्हावी आणि तीत आपली मुले प्रेक्षक म्हणून नव्हे तर शिष्य म्हणून जावीत.

मराठवाड्यातील मुलांचा समुद्राशी काय संबंध, असे एका पालकांनी विचारले. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. येथील माल गाड्यांवर लादून खडतर वाटांनी भडोचच्या बंदराकडे जात असे. त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या कोकणपट्टीवरील बंदरांची नावे येतात. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारलेले आहे. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेशी ते जोडले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या सात क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या भोवती आठ भये कोरलेली आहेत. त्यांपैकी एक भय जहाज बुडण्याचे आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर, कोरड्या डोंगरात, छिन्नी चालवणाऱ्या कारागिराला बुडणाऱ्या नावेतील माणसांचा आकांत ठाऊक होता. आपली मुले दरवर्षी ही लेणी पाहतात. पण ते भय त्यांच्यासाठी दगडातच राहते. मालवणच्या जेट्टीवरून नाव सुटली आणि पहिल्या लाटेने ती उचलली तेव्हा एका मुलाने शेजाऱ्याचा हात घट्ट धरून विचारले, “बाई, लेण्यात दाखवलंय ते असंच का?” पाठ्यपुस्तकाच्या कोणत्याही पानाने हा प्रश्न त्याच्या तोंडून काढला नसता.

आता ज्ञानाविषयी. आमच्या नावेचे तांडेल साठीच्या पुढचे होते. शाळा त्यांनी चौथीतच सोडलेली. मुलांनी त्यांना भरतीची वेळ कशी कळते असे विचारले, तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले नाही, तिथी विचारली. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा की, पक्षातील तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ठिकाणानुसार थोडाफार फरक पडतो. पण हिशेब चुकत नाही. मुलांनी तेथेच वहीत गणित मांडले. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे त्यांनी विज्ञानाच्या तासाला शिकलेले होते. ४५ मिनिटांचा तांडेलांचा ‘पाऊण’ आणि पुस्तकातील ५० मिनिटे एकमेकांच्या इतक्या जवळ कशी, याचे त्यांना नवल वाटले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ते उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येतो तो भांग. उधाणाला पाणी फार चढते आणि फार उतरते, भांगाला त्यामानाने शांत असते. सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणाची बेरीज आणि वजाबाकी म्हणून जी आकृती फळ्यावर काढली जाते, तिची ही मराठी नावे आहेत.

भूगोलाच्या पुस्तकात ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ असे दोन शब्द मुले पाठ करतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून जमिनीकडे येतो, तो खारा. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. म्हणजे आपण परीक्षेत ज्या शब्दांना गुण देतो, ते या माणसांच्या रोजच्या व्यवहाराचे शब्द आहेत. मात्र ते जगणाऱ्या माणसाला आपण अशिक्षित म्हणतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश करण्याची मागणी केली होती. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान शाळेच्या उंबऱ्याच्या आत यावे, ही ती मागणी. त्यानंतर जवळजवळ दीड शतक उलटले; तरी ते ज्ञान उंबऱ्याबाहेर ताटकळतच आहे.

याच ठिकाणी मला या सहलीतील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळायचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीचा लिलाव पाहण्यासाठी आम्ही गेलो. बांगडे, तारल्या, माकुल, लेप यांचे ढीग, बर्फाचा चुरा, ओलसर वाळू, बायकांच्या पाट्या आणि वरून घिरट्या घालणारे पक्षी. वास अर्थातच होता. आमच्या सात-आठ मुलामुलींनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावले. एका मासेविक्रेत्या बाईंच्या ते लक्षात आले. रागावल्या नाहीत. हसत म्हणाल्या, “वास येता काय रे बाबू? ह्या वासारच माझी दोन चेडवां कॉलेजात गेली.” मुले वरमली. काहींनी रुमाल खिशात ठेवले, काहींना ते जमले नाही.

त्या रुमालाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. वासाने नाक मुरडणे ही शरीराची सहज क्रिया आहे, त्यासाठी कोणा मुलाला दोष देता येत नाही. परंतु आपल्या समाजात वास ही केवळ नाकाची बाब कधीच नव्हती. कोणाच्या कामाला वास येतो यावरून कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध हे ठरवले गेले. मेलेले जनावर ओढणारे, कातडे कमावणारे, मैला उचलणारे, मासळी वाहणारे. ज्यांनी समाजाची घाण आणि गरज दोन्ही पाठीवर घेतली, त्यांच्याच अंगाचा वास हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा बनवला गेला. आपल्या आज्या-पणज्यांसमोर किती नाके अशी झाकली गेली असतील! १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला, तो गुलामीच्या खुणा फेकून देण्यासाठी. कष्ट करणाऱ्या माणसाचा तिरस्कार करायला त्यांनी कधीही शिकवले नाही. जातिव्यवस्था कामांच्या वाटणीवर थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे त्यांनी १९३६ साली दाखवून दिले. आपल्या मुलांच्या हातातील तो रुमाल हा त्या तोडण्याचाच एक लहानसा तुकडा आहे. शिक्षणाने आपल्याला इस्त्रीचा गणवेश दिला, स्वच्छता दिली, याचा मला अभिमान आहे. पण त्या स्वच्छतेबरोबर दुसऱ्या श्रमिकाकडे वरून पाहण्याची दृष्टीही आली असेल, तर आपण उतरंड मोडली नाही, तिच्यावर एक पायरी चढलो, एवढेच म्हणावे लागेल.

किनाऱ्यावरील गावे जातिमुक्त आहेत, असा माझा दावा नाही. तेथेही वाड्या जातवार वसलेल्या आहेत. समुद्रात पुरुष जातात. किनाऱ्यावर मासळी निवडणे, सुकवणे आणि विकणे हे सारे कष्ट स्त्रिया उपसतात, तरी नाव आणि जाळे बहुतेक पुरुषांच्याच नावावर असते. मुलांनी हेही पाहावे आणि विचारावे. आपल्याला एखादा समाज भाबडेपणाने पूजायचा नाही, तो समजून घ्यायचा आहे.

समजून घेणे म्हणजे काय, हे आमच्या एका नववीतल्या विद्यार्थिनीने दाखवले. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नावेत बसल्यावर इतर मुले डॉल्फिन कधी दिसेल याची वाट पाहत होती, तेव्हा तिने तांडेलांना विचारले, “काका, तुम्हालाही मुकादमाकडून उचल घ्यावी लागते का?” क्षणभर ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “जाळां बँकेचां, इंजिन सोसायटीचां, मासो दलालाचो, आमचां फकत आंग.” इतर मुलांना मालवणीचा अर्थ सांगावा लागला, तिला सांगावा लागला नाही. मोठ्या यांत्रिक नौकांवर काम करणारे खलाशी पुष्कळदा नेपाळसारख्या दूरच्या मुलखातून आलेले असतात आणि हंगामाआधी आगाऊ रक्कम घेऊन बांधले गेलेले असतात, हेही त्यांनी सांगितले. उसाचा फड आणि समुद्र यांत मोठे अंतर आहे. पण कर्जाचा दोर एकाच पद्धतीने वळलेला आहे. तो दोर ओळखण्याची दृष्टी त्या मुलीजवळ आमच्याआधी होती. शाळेने तिला ती बोलून दाखवण्याची जागा दिली, एवढेच शाळेचे श्रेय.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणजे रापण. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पहाटे मुलांनी ती पाहिली. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा हळूहळू ओढतात. एकट्या-दुकट्याचे हे काम नाही. जाळे सामाईक, कष्ट सामाईक आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले. म्हाताऱ्या माणसाचाही वाटा असतो आणि दोराला हात लावणाऱ्या पाहुण्यालाही चार मासे दिले जातात. आमच्या मुलांनी दोर ओढला, तळहात लाल झाले आणि त्यांच्यापुढेही वाटा आला. सहकाराचा धडा नागरिकशास्त्रात आहे. पण त्या दिवशी तो तळहातावर उमटला.

आता धम्माच्या आक्षेपाकडे येते. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत याविषयी बुद्धवचनांत मार्गदर्शन आहे आणि त्यात प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची जी मांडणी केली आहे, ती आपण ध्यानात घेतली पाहिजे. तत्त्व आणि नियम यांत त्यांनी भेद केला. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक आणि जबाबदारी दोन्ही देते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतील फरक त्यांनी स्पष्ट केला. समुद्रकाठच्या नापीक पुळणीवर राहणारा, दुसरी जमीन नसलेला माणूस कुटुंबासाठी मासे धरतो, तेव्हा त्याला पापी ठरवणारी अहिंसा ही बुद्धाची अहिंसा नव्हे. ती पोट भरलेल्यांची सोय आहे. शिवाय आपल्यापैकी अनेक घरांत मासळी खाल्ली जाते. ताटातील मासा चालतो आणि तो धरणारा हात मात्र मुलांच्या नजरेस पडू नये, असे म्हणण्यात अहिंसा कमी आणि जुना शुद्धाशुद्धभाव अधिक आहे.

गरज आणि हाव यांतील सीमारेषा कोठे आहे, हे तर समुद्रावरच नीट शिकता येते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्र खवळलेला असतो तोही हाच काळ. पर्ससीन नावाचे मोठे जाळे माशांचा अख्खा थवा वेढून घेते. त्याच्या वापरावर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध आणले. रात्री प्रखर दिवे लावून मासे एकत्र ओढण्याच्या पद्धतीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला. ज्या माशाची कोवळी पिल्लेच जाळ्यात येऊ लागली, त्याच्या रक्षणासाठी हे पाऊल होते. नियम कागदावर आहेत. तरीही चोरून दिव्यांची मासेमारी चालते आणि रापणवाल्यांच्या जाळ्यात काही उरत नाही, ही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. त्यासाठी त्यांनी मोर्चे काढले, समुद्रात संघर्ष केला, खटलेही अंगावर घेतले. पिल्ले मोठी होऊ द्यावीत, उद्यासाठी बीज राखावे, हे सांगणारा रापणकर आणि एका रात्रीत समुद्र खरवडणारा भांडवलदार हे दोघेही मासेच धरतात. एकाच्या मुळाशी गरज आहे, दुसऱ्याच्या मुळाशी तृष्णा. हा फरक आपल्या मुलांना वंदनेनंतरच्या प्रवचनातून जितका कळेल, त्याहून अधिक त्या किनाऱ्यावर कळला.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात काही प्राण्यांना अवध्य ठरवले आणि ठरावीक पौर्णिमा व उपोसथाच्या दिवशी मासे मारू अथवा विकू नयेत अशी आज्ञा दिली. मासेमारी सरसकट बंद करावी असे तो म्हणत नाही. तिला तो मर्यादा घालतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाज्ञेकडे आजच्या पावसाळी बंदीच्या शेजारी ठेवून पाहिले, तर माणसाच्या गरजेला मर्यादेची जोड देण्याचा विचार या भूमीला नवा नाही, हे ध्यानात येते.

जीवसृष्टीविषयीही थोडे लिहिणे अगत्याचे आहे, कारण मुलांचा सर्वांत मोठा आनंद तेथेच होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकाळ समुद्रात प्रवाळ आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे, तो सूक्ष्म जीवांची वसाहत आहे आणि कायद्याने तो संरक्षित आहे, हे ऐकून मुलांना खरे वाटेना. ओहोटीच्या वेळी खडकांच्या डबक्यांत त्यांनी खेकडे, कालवे आणि शंखात राहणारे जीव पाहिले, वहीत चित्रे काढली आणि सारे जेथल्या तेथे ठेवले. कर्लीच्या खाडीत कांदळवन पाहिले. खाऱ्या चिखलात श्वास घेण्यासाठी मुळे वर काढणारी ती झाडे म्हणजे कोळंबीचे आणि अनेक माशांच्या पिल्लांचे पाळणाघर. परतीच्या वाटेवर डॉल्फिनची पाठ दोनदा पाण्याबाहेर आली आणि तेवढ्यानेच नाव एका बाजूला कलते की काय असे वाटले.

पण येथेही एक सामाजिक प्रश्न आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण आपली रोजीरोटी जाईल अशी त्यांना भीती होती. निसर्ग वाचवायचा म्हणजे त्याच्यावर जगणाऱ्यांना हाकलायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे. दुसरी वाटही आहे. मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वेळास हे गाव आहे. तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी वाळूत अंडी घालतात. गावकऱ्यांच्या सहभागाने ती घरटी राखली जाऊ लागली आणि आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक दुरून येतात, गावातल्या घरांत मुक्काम करतात. माणूस आणि प्राणी यांना परस्परांचे शत्रू न बनवता रक्षण होऊ शकते, याचा हा जिवंत दाखला आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला नाडणारी खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, तेव्हा जमीन कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क हा त्याचा गाभा होता. समुद्राच्या बाबतीत तोच प्रश्न आज उभा आहे. समुद्र कोणाचा? त्याच्यावर जगणाऱ्यांचा, की त्याच्यावर गुंतवणूक करणाऱ्यांचा? पालघर जिल्ह्यात वाढवण येथे होणाऱ्या प्रचंड बंदराला तेथील मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करत आले आहेत, तोही याच प्रश्नापोटी. विद्यार्थ्यांनी याचे उत्तर आमच्याकडून तयार घेऊ नये. पण हा प्रश्न कानी न पडता त्यांनी दहावी उत्तीर्ण होऊ नये.

आता सुरक्षिततेचा आक्षेप. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात प्रवासी बोटीला झालेल्या अपघाताची आठवण पालकांच्या मनात ताजी आहे. भीती रास्त आहे. म्हणूनच काही नियम लेखी असावेत: परवाना असलेली नाव, मर्यादेपेक्षा कमी प्रवासी, प्रत्येकाच्या अंगावर जेट्टी सोडण्यापूर्वी बांधलेले जीवरक्षक जाकीट, समुद्रस्नानाला पूर्ण मनाई आणि तांडेल ‘आज नको’ म्हणाले तर त्यावर वाद नाही. आम्ही या सर्व गोष्टी पाळल्या. पहिल्या दिवशी वारा वाढल्यामुळे तांडेलांनी नाव काढली नाही, तेव्हा तो दिवस आम्ही वस्तीत घालवला. जाणकाराचे ऐकणे हीच समुद्रावरची पहिली सुरक्षितता आहे आणि ती शिस्त मुलांनी शिकणे हाही अभ्यासच आहे.

खर्चाचा आक्षेप हा माझ्या दृष्टीने आपल्या सर्वांच्या कसोटीचा आहे. शैक्षणिक सहलींना एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते; मुक्काम साध्या जागी होतो. तरीही माणशी जी रक्कम येते, ती ऊसतोड करणाऱ्या अथवा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांना जड आहे. यंदा अकरा मुले केवळ पैशांमुळे मागे राहिली. ज्या मुलांना त्या समुद्राचा सर्वांत अधिक उपयोग झाला असता, तीच वसतिगृहात राहिली, ही गोष्ट मला बोचते. ऐपत असेल त्याने पाहावे आणि नसेल त्याने इतरांच्या वह्या वाचाव्यात, हे आपल्या संस्थेला शोभणारे नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. कोणी बँकेत, कोणी महसूल खात्यात, कोणी रुग्णालयात, कोणी परदेशात आहेत. १९१३ साली बाबासाहेब शिक्षणासाठी समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले. समुद्र ओलांडणे हा धर्मशास्त्राने कलियुगात वर्ज्य ठरवलेला आचार होता. ज्या समाजाला गावच्या तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्यातला एक तरुण समुद्र ओलांडून गेला आणि आपल्या सर्वांसाठी वाट मोकळी झाली. त्या वाटेने पुढे गेलेल्यांना माझे काही मागणे आहे.

पहिले, सहल निधी उभारावा आणि त्यातून आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा खर्च भागावा. कोणाचे पैसे कोणी भरले हे मुलांना कळण्याची गरज नाही. दुसरे, सहलीपूर्वी महिनाभर इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित या विषयांचे शिक्षक मिळून तयारी घ्यावी आणि परतल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने लिहिलेली वही मूल्यमापनात धरली जावी. तिसरे, तांडेल आणि मासेविक्रेत्या स्त्रियांना केवळ नावेचे भाडे देऊन मोकळे होऊ नये. त्यांना अतिथी शिक्षक मानून मानधन द्यावे आणि शक्य झाल्यास वर्षातून एकदा त्यांच्यापैकी कोणाला तरी आपल्या शाळेत सन्मानाने बोलवावे. चौथे, कोणाचेही छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये. लोकांचे जगणे हे आपल्या भ्रमणध्वनीसाठी मांडलेले प्रदर्शन नव्हे.

मुलांच्या वह्या मी सध्या तपासत आहे. एका मुलाने बांगड्याचे सुरेख चित्र काढले आहे, त्याच्या पाठीवरच्या गडद रेषा मोजून. एकीने रापणीच्या वाट्यांचा हिशेब मांडला आहे आणि शेवटी आपल्या आईवडिलांच्या कोयत्याचा हिशेब त्याच्या शेजारी लिहिला आहे. ज्याने त्या सकाळी रुमाल काढला होता, अशा एकाने लिहिले आहे: “मी दुसऱ्या दिवशी रुमाल खोलीवरच ठेवला. वास होता, पण थोड्या वेळाने लक्षात राहिला नाही, कारण मावशी भाव कसा ठरतो ते सांगत होत्या.” या वाक्यासाठी मी त्याला पूर्ण गुण दिले आहेत. पुढच्या जानेवारीत मागे राहिलेली ती अकरा मुले आधी नावेत बसावीत, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून करावी.